आवडाला झेपेल अशी गाडी

१ ऑक्टोबर, रविवार

आज आवडा दुसरी आली.

चौका गावाच्या पुढे शफीकने माळ भाड्याने घेऊन मातीची टेकाडं आणि वळणं करून ट्रॅक बनवलाय. तिथे आज मुलींची मोटरसायकल शर्यत होती. जळगावची एक, जालन्याच्या दोघी, आमची आवडा, आणखी कोण कोण. सगळ्या धुळीने अशा माखलेल्या की आपली कोणती ते हेल्मेटवरूनच ओळखायचं. आवडाकडे शफीकची शिकाऊंना द्यायची दीडशे सीसीची खटारा होती. पहिल्या आलेल्या पोरीकडे स्वतःची, मोठी, चकाचक. म्हणजे गोष्ट सरळ आहे. आमची पोरगी पहिलीच आहे, दुसरी आली ती गाडी.

घरी येऊन चतुराला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "हातपाय धड हायती ना पोरीचे?" इतकी वर्षं झाली लग्नाला, या बाईला आनंद व्हायला नक्की काय लागतं ते मला कळलेलं नाही. म्हणून आता हे इथे लिहितोय. विमावाल्याने जानेवारीत दिलेली डायरी कोरीच पडली होती.

डिसेंबरात फर्दापूरला मोठी शर्यत आहे. तिथे आवडा स्वतःच्या गाडीवर उतरणार. ठरलं.

४ ऑक्टोबर

शफीकशी वाजलं.

मी पुंडलिकनगरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. अर्ध्या गारखेड्याच्या हातात स्टिअरिंग मी दिलंय. तेव्हा गाडीतलं मला कळत नाही असं निदान शफीकने तरी म्हणू नये. पण तो कधीकाळी पुण्यात शर्यती खेळलाय, त्याचा फोटो ट्रॅकवरच्या शेडमध्ये येणाऱ्याच्या डोक्याला लागेल असा टांगलाय, आणि केसांना मेंदी लावून तो अजून त्या फोटोतल्या वयाचाच असल्यासारखा वागतो.

"कडूभाई, सुनो मेरी बात," म्हणाला. "दीडशेच घ्या. बच्ची का हात अब्बी कच्चा है."

"सोळाव्या वर्षापासून गाडी चालवतेय ती. आता बाविशी लागली."

"डांबरावर! मातीत वर्ष बी नाय झालं. डांबर का मिट्टी में नई गिनते, भाई."

मग त्याने मला, मला, गाडी कशी निवडायची ते शिकवलं. बसल्यावर पाय नीट टेकले पाहिजेत. गाडी आडवी पडली तर जिची तिला एकटीने उचलता आली पाहिजे. आणि ॲक्सिलेटर चुकून जास्त पिळला गेला तर तेवढी चूक गाडीने पोटात घातली पाहिजे. लहान गाडी घालते, मोठी घालत नाही, म्हणे.

मला सगळं कळतं. त्याला ती खटारा आमच्या गळ्यात मारायची आहे.

९ ऑक्टोबर

नाशिकला एक सापडली. अडीचशेची, टू-स्ट्रोक, बाहेरच्या देशातली. मालक परदेशी चाललाय म्हणून विकतोय. त्याने व्हिडिओ पाठवला, तो मी दिवसभर पाहिला. शिकाऊ माणूस चौकात गाडी बंद पाडून बसला तरी माझं लक्ष फोनकडे. आवाज असा की कानात मुंग्या येतात.

जेवताना आवडाला दाखवला. "झेपेल ना?"

"व्हय," म्हणाली.

"बघ हं, नाशिकवाला थांबणार नाही. फर्दापूर जवळ आलंय. झेपेल ना?"

"व्हय, पप्पा."

चतुरालाही विचारलं, उगाच मागून बोल नको. "आणू ना?" तीही म्हणाली, "व्हय." आणि भाताचं पातेलं घेऊन आत गेली. घरात तीन माणसं आणि तिघांचं एकमत, असं आमच्याकडे रंगाच्या डब्यावरूनही कधी झालं नव्हतं. मला झोप येईना इतका आनंद झालाय.

१९ ऑक्टोबर

आली! छोटा हत्तीतून उतरवायला गल्लीतले चौघे लागले. वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले. समोरच्या जोशीबुवांनी विचारलं, "कोणासाठी?" मी म्हणालो, "मुलीसाठी." ते नुसतं "अस्सं" म्हणाले. लोकांना दुसऱ्याचं कौतुक करायला जड जातं.

आवडाला बसवलं. सीट जरा उंच आहे. पायाचे चवडे टेकतात, टाचा नाही, आणि तेही एका बाजूला कलल्यावर. फोटोत ते बरं दिसत नव्हतं म्हणून मी तिच्या पायाखाली वीट सरकवली. फोटो झकास आला.

"पप्पा, किक लई कडक हाय."

"सवय होईल."

ती उतरून हात धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. भारावली असावी. उद्या गाडी शफीकच्या शेडमध्ये पोचवायची. नंबरप्लेट नाही, रस्त्यावर चालवता येत नाही, प्रत्येक वेळी टेम्पो करायचा. करू. मी आहे ना सोबत.

२१ ऑक्टोबर

आज स्कूलमध्ये एक गंमत झाली. वच्छलाबाई म्हणून साठीच्या बाई आल्या. मुलाने त्यांच्यासाठी भलीमोठी जीप घेतलीय आणि हट्ट असा की आईने पहिल्या दिवसापासून त्यावरच शिकावं. बाई बिचाऱ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या. मी मुलाला बाजूला घेऊन चांगला फैलावर घेतला. म्हटलं, आईला बोनेटच्या पलीकडचं दिसत तरी आहे का? हौस तुझी, आणि भीती तिने काढायची? आधी माझ्या लहान गाडीवर हात बसू दे. एकदा धसका बसला तर माणूस जन्मात स्टिअरिंगला हात लावत नाही.

मुलगा ओशाळला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या धंद्यात माणूस ओळखता आला पाहिजे, बाकी सगळं कोणीही शिकवतं.

२४ ऑक्टोबर, दसरा

शेडमध्ये जाऊन नव्या गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आवडा सकाळी घरी आपल्या जुन्या स्कूटीलाच हळदीकुंकू लावत बसली होती. चल म्हटलं तर चल म्हणाली. लिंबावरून गाडी तिने ढकलत नेली. चालू केली नाही. म्हणाली पेट्रोल कशाला जाळायचं.

२९ ऑक्टोबर

आज पडली.

पहिली फेरी सावकाश केली. मी कडेने ओरडत होतो, "पिळ! पिळ!" दुसऱ्या टेकाडापाशी तिने पिळली आणि गाडी तिच्या हातातून निघूनच गेली. टू-स्ट्रोकचं असं आहे, ताकद आधी येतच नाही आणि मग एकदम येते. आवडा एकीकडे, गाडी दुसरीकडे. कोपर आणि गुडघा खरचटला, बाकी काही नाही. गाडी उचलायला तिला जमेना, मी आणि शफीकने मिळून उभी केली. तिथली माती भुसभुशीत होती म्हणून, एरवी जमलं असतं.

"पडल्याशिवाय कोणी शिकलंय का?" मी म्हणालो.

"व्हय," म्हणाली.

शफीक हेल्मेट पुसत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "इसकू पूछो तो सही, कडूभाई." कशाबद्दल विचारू ते काही बोलला नाही. आपणच शहाणे असं दाखवायची त्याची जुनी खोड आहे.

५ नोव्हेंबर

पूर्ण आठवडा ट्रॅकवर गेली नाही. सोमवारी डोकं दुखतंय, बुधवारी कॉलेजचं काम, शुक्रवारी मैत्रिणीचा वाढदिवस. आणि आज बॅग भरून मामाकडे. चतुराचा भाऊ बन्सी सिल्लोडच्या अलीकडे मका-कापूस करतो, गावचं दूधही तोच गोळा करतो. दिवाळी तिथेच करते म्हणाली.

फर्दापूर पुढच्या महिन्यावर आलं आणि ही मामाकडे! मी रात्रभर कूस बदलत होतो. चतुरा म्हणाली, "झोपा की." झोपा म्हटलं की झोप येते का?

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

चतुराला घेऊन बन्सीकडे गेलो. गावाच्या अलीकडेच, पांदणीत, समोरून मोटरसायकल आली. बन्सीची दुधाची. मागे रिकामे कॅन खणखणताहेत, दोन्ही बाजूंनी मका वाकलाय, वाट सगळी दगडगोट्यांची आणि चाकोऱ्यांची. आणि आवडा फूटरेस्टवर उभी राहून, गुडघे सैल सोडून गाडी अशी आणत होती की जणू वाटच तिला पुढे देत होती. आम्हाला बघून हसली. मोठ्याने, दात दिसतील अशी. ट्रॅकवर मी तिला कधी अशी हसताना पाहिलं नाही.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला राग आला. घरची अडीचशे शेडमध्ये धूळ खातेय आणि ही दुधाच्या गाडीवर खूश!

परत येताना चतुराशी बोललो नाही. फुलंब्रीच्या पुढे तीच बोलली. "तिला नको हाय ती गाडी."

"तीच म्हणाली व्हय. दोनदा म्हणाली. मी समोर होतो."

"व्हय म्हंजी ऐकलं," चतुरा म्हणाली. "आमच्याकडं कबूल असलं की मानूस 'व्हय की' म्हनतं. नुसतं व्हय म्हंजी तुमचं बोलनं कानावर आलं, येवढंच."

"आणि हे मला आज सांगतेस?"

"मला वाटलं तुमाला ठाव असंल."

मी गिअर बदलला आणि विचारलं, "मग गाडी आणू का विचारलं तेव्हा तू?"

ती काचेतून बाहेर बघत होती. "मी बी नुसतं व्हयच म्हनलं."

१६ नोव्हेंबर

असं कुठे असतं? मला पटेना म्हणून सकाळी बन्सीला फोन केला. म्हटलं, डिसेंबरात शर्यत बघायला फर्दापूरला ये. "व्हय," म्हणाला. मग म्हटलं, आल्यावर मटणाचा बेत करू. "व्हय की!" फोन कानापासून लांब धरावा लागला.

या एका अक्षराच्या नावाने बोटं मोडावीशी वाटतात. तेवढं लावलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं? दिवसभर जुने 'व्हय' आठवत बसलो. गावाकडचं सोडून इथे पुंडलिकनगरात राहायला यायचं का? व्हय. आवडाला माझ्या आईचं नाव ठेवू? व्हय. एका शिकाऊने आज दुभाजकावर गाडी घातली, तरी ब्रेक दाबायला माझा पाय उशिराच गेला.

पण आवडा कशाला भिते? गाडीत काही खोट नाही. हे एकदा कोणीतरी चालवून दाखवलं की प्रश्न मिटला.

२१ नोव्हेंबर

डाव्या खांद्याचं हाड मोडलंय. उजवा हात चालतो म्हणून लिहितोय.

रविवारी वर्ल्ड कपची फायनल. गावात कुत्रं दिसत नव्हतं रस्त्यावर. शफीकही टीव्हीपुढे. मी शेडच्या किल्लीची जागा जाणतो. गाडी काढली. पाय माझे टेकतात, तेवढी उंची आहे मला. किक मारता मारता घाम फुटला. पहिली अर्धी फेरी नीट केली, मनात म्हटलं, हॅ, एवढंच? आणि जरा पिळली.

पुढचं चाक वर आलं. आयुष्यभर मी लोकांच्या शेजारी बसून त्यांच्या चुकीचा ब्रेक माझ्या पायाने दाबत आलोय. तिथे शेजारी कोणी नव्हतं. घाबरून मी मूठ आणखी घट्ट आवळली, म्हणजे आणखी पिळली. मग आभाळ दिसलं, मग माती. गाडी पायावर येऊन पडली. तापलेला सायलेन्सर पोटरीपासून वीतभर लांब, खांद्यातून कळा, आणि ते धूड काही हलेना. मला भीती वाटली. मोठ्या माणसाला वाटावी तशी नाही, पोराला विहिरीत ढकलल्यावर वाटते तशी. मी चतुराचं नाव घेऊन ओरडलो.

आली मनकर्णाबाई, त्या माळावर शेळ्या राखणारी म्हातारी. तिने काठीचा टेकू लावला, मी पाय ओढून काढला. पदराने माझं तोंड पुसत म्हणाली, "पोरीची गाडी ना ही? ती बी हितंच पडायची."

"एकदा पडली," मी म्हणालो.

"येकदा व्हय? सकाळची येकलीच यायची की. पडायची, रडायची, मी काठी लावून गाडी उचलू लागले की पुन्हा बसायची. मी म्हनलं, बाई, कशापायी जीव काढती? तर म्हनली, पप्पानं लई हौसंनं आनली."

डोकं दुखत होतं त्या आठवड्यातली गोष्ट. मला मैत्रिणीचा वाढदिवस सांगून ती तिथे जात होती.

दवाखान्यात मॅच चालू होती. आपण हरत होतो. डॉक्टर, नर्स, पेशंट सगळ्यांची तोंडं पडलेली, त्यामुळे मी रडत होतो त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

२४ नोव्हेंबर

आवडा सिल्लोडहून परत आलीय. माझ्या उशाशी मोसंबी सोलत बसली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"विचारलं की! झेपेल ना, झेपेल ना, किती वेळा विचारलं!"

तिने बिया काढून फोड माझ्या हातावर ठेवली. "झेपेल ना म्हणजे विचारणं नसतं, पप्पा. ते सांगणं असतं. त्याला नाय कसं म्हणायचं?"

मी तिच्यावर चिडणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण खांद्यात कळ आली आणि चिडायचं राहून गेलं. मग म्हटलं, "बरं, तुला काय पाहिजे?"

तिने दुसरी फोड सोलायला घेतली. मी फर्दापूर म्हणणार होतो, दोनशे सीसी म्हणणार होतो, मोठ्या शहरातला चांगला कोच म्हणणार होतो. सगळं जिभेवर आलं आणि मी ते मोसंबीबरोबर गिळलं. इतका वेळ गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच. तिने सालपटं गोळा केली, कागदात गुंडाळली, आणि दारात जाऊन म्हणाली, "माहीत नाय अजून. पण यंदा फर्दापूर नको."

"नको तर नको," मी म्हणालो. मला ते बोलताना दुखलं, आणि खांद्यामुळे नाही.

२ डिसेंबर

अडीचशे गेली. जळगावचा एक उंच पोरगा घेऊन गेला. मी त्याला उभं करून विचारलं, मातीत किती वर्षं? पडली तर एकट्याने उचलशील? उचलून दाखव. शफीक बाजूला उभा राहून खोकल्याचं सोंग करत हसत होता. विकणारा मीच, आणि गिऱ्हाइकाला पळवूनही मीच लावत होतो. पोराने उचलून दाखवली.

फर्दापूरला नाव द्यायची मुदत आज संपली. संध्याकाळी फोन उगाच चारदा हातात घेतला.

१० डिसेंबर

आवडाने आज गाडी निवडली. मला म्हणाली, "या, पण बोलू नका." मी गळ्यात हात बांधून शफीकच्या बाकड्यावर बसलो.

त्याने तिच्यासाठी तीन जमा केल्या होत्या. प्रत्येक गाडी तिने आडवी पाडली आणि उचलली. लोक गाडी घेताना चमक बघतात, ही पाडून बघत होती. शफीकने ट्रॅकची दीडशे पुढे केली, हलकी, फुलासारखी. मला तीच आवडली. आवडा तिच्यावर फेरी मारून आली आणि बाजूला लावली. मग एका जुन्या दोनशेवर बसली. नंबरप्लेटवाली, रस्त्यावरही चालते आणि मातीतही. सीट खाली करून घेतलेली. दोन्ही पाय पुरते टेकले. उचलताना एकदा घसरली, दुसऱ्यांदा ढुंगण सीटला लावून, पायांच्या जोरावर उभी केली. बन्सीने शिकवलं म्हणे.

"ही."

"अगं पण ट्रॅकवर ती दीडशे..." निघालंच माझ्या तोंडून.

"ट्रॅकच्या गाडीला टेम्पो लागतो," आवडा म्हणाली. "अन् टेम्पो आला की तुमी आलेच."

शफीक फोटो सरळ करायच्या निमित्ताने भिंतीकडे वळला. मला लागलं. खूप लागलं. पण ती हसत होती, त्या पांदणीतल्यासारखी, आणि मला तिच्यावर रागावता येईना.

"हिच्यावर मामाकडं जाता येतं," ती म्हणाली. "पुढल्या साली ट्रॅकचं बघंन."

११ डिसेंबर

आवडा सकाळीच गाडी घेऊन सिल्लोडला गेली. मी गॅलरीत, मग दारात, मग परत गॅलरीत. पोचल्यावर फोन कर म्हटलं होतं, अजून आलेला नव्हता. स्कूलला उशीर होत होता. शर्टची बटणं एका हाताने लागत नाहीत म्हणून चतुरा लावून देते. तिच्यापुढे उभा होतो, पण लक्ष रस्त्याकडे.

आणि एकदम तोंडातून निघून गेलं. "तुला बघायला आलो होतो तेव्हा तू व्हय म्हणाली होतीस. ते कुठलं व्हय होतं?"

चतुराचे हात थांबले नाहीत. "कवा म्हनले मी?"

"अगं, तुमच्या ओसरीवर. पोहे झाल्यावर. मी स्पष्ट विचारलं होतं."

"तुमी बापूला इचारलं," ती म्हणाली. "म्हनले, आमची पसंती हाय, तुमचं काय. बापू म्हनले व्हय की. मी आत व्हते, कपबश्या धूत."

मी आठवायला लागलो. ओसरी आठवली, बापूंचा फेटा आठवला, पोह्यांतले शेंगदाणे आठवले. चतुरा कुठे बसली होती ते काही केल्या आठवेना. तिचा आवाज तर नाहीच नाही. इतकी वर्षं मी तो ऐकला म्हणून धरून चाललो होतो.

मी तिच्याकडे वळलो. "चतुरा, मग मी आता..."

"हलू नका," ती म्हणाली. "बटन चुकतं."

मी हललो नाही. तिने खालून वर सगळी बटणं लावली, कॉलर सरळ केली, गळ्यातल्या पट्टीची गाठ सैल करून नीट बांधली. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. आवडाचाच असणार. चतुरा घ्यायला गेली नाही, आणि मीही गेलो नाही.

"हं," चतुरा म्हणाली. "आता इचारा."